भिजलेला प्लाय कसा वाळवायचा, आणि त्यातला कोणता वाचवायचा

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये प्लायला पाणी लागतं ते बहुतेक वेळा कुणाच्या नकळत. सिंकखालचा वेस्ट पाइप सैल होतो, बाथरूमच्या भिंतीला पाठ लावून उभ्या असलेल्या कपाटात ओल चढते, ड्राय बाल्कनीतल्या वॉशिंग मशिनचा नळ थेंबथेंब गळत राहतो. कधीकधी मात्र पाणी एका रात्रीत येतं. 25 सप्टेंबर 2019 ला आंबिल ओढा अरण्येश्वर, सहकारनगर भागात घराघरांत शिरला. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत तळमजल्यांची तीच गत झाली.

पाणी कसंही आलेलं असो, पुढे घराघरात दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर सगळं फर्निचर उचलून फेकलं जातं. नाहीतर गौरी-गणपतीच्या आत घर लागायला हवं म्हणून ओल्याच प्लायवर लांबी भरून, नवा मायका चिकटवून कपाट पुन्हा भिंतीला लावलं जातं. दिवाळीपर्यंत त्याच जागी काळे डाग आणि तोच कोंदट वास. माझं ठाम मत आहे की पाण्यापेक्षा या घाईनं जास्त प्लाय वाया जातो. चांगला प्लाय एकदा भिजल्यानं मरत नाही, अर्धवट ओला असताना बंद केल्यानं मरतो.

आधी वीज, मग पाणी, मग फोटो

कपाटामागे किंवा ओट्याखाली प्लग पॉइंट असेल, चिमणीची, प्युरिफायरची वायर जात असेल, तर त्या भागाचा एमसीबी पाडल्याशिवाय हात घालू नका. सोसायटीचा किंवा घराचा विमा असेल तर काहीही हलवण्याआधी फोटो काढा. भिंतीवर पाणी कुठवर चढलं होतं ती रेघ फोटोत स्पष्ट दिसली पाहिजे.

गळतीचं मूळ न शोधता प्लाय वाळवणं म्हणजे श्रम फुकट. सिंकखाली शोधायचं तर अँगल कॉक (भिंतीतून निघणारा छोटा नळ), बॉटल ट्रॅप (वेस्ट पाइपमधला बाटलीसारखा भाग) आणि वेस्ट कपलिंग (सिंकच्या भोकाखालचा जोड) कोरड्या फडक्यानं पुसा, प्रत्येक जोडाभोवती टिश्यू पेपर गुंडाळा, मग सिंक भरून एकदम सोडा. कुठला पेपर आधी ओला होतो ते बघा. भिंतीतून ओल येतेय की खोलीच्या दमट हवेमुळे भिंत घामेजतेय हे कळत नसेल, तर फूटभर प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेप लावून भिंतीला चिकटवा आणि एक-दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतून येतेय, बाहेरच्या बाजूला जमलं तर हवेतून. भिंतीतून येत असेल तर बाथरूमचं काम आधी, कपाट नंतर. वरच्या मजल्यावरच्यांशी बोलणी लांबणार असतील तर तेवढे दिवस कपाट भिंतीपासून दूरच राहू दे.

काय वाचेल आणि काय वाचणार नाही

सगळ्यात आधी फळीची उघडी कड बघा. पातळ थरांचे आडवे पट्टे दिसले तर तो प्लाय. मध्ये लाकडाच्या जाड पट्ट्या आणि वर-खाली पातळ पापुद्रे असतील तर ब्लॉकबोर्ड. आणि जाड पुठ्ठ्यासारखा एकजीव किंवा भुसा दाबून बनवल्यासारखा माल दिसला तर तो एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड. तयार मॉड्युलर किचन आणि स्वस्त तयार कपाटं बऱ्याचदा याच मालाची असतात. त्यांच्यावर वेळ घालवू नका. ती फुगली की वाळल्यावरही मूळ जाडीला येत नाहीत आणि त्यांत स्क्रू धरत नाही.

प्लायमध्येही प्रकार आहेत. कुठेतरी आतल्या, मायका नसलेल्या बाजूला शिक्का सापडेल. त्यावर आयएस 303 (प्लायच्या भारतीय मानकाचा क्रमांक) आणि एमआर लिहिलं असेल तर तो साधा, दमट हवेपुरता टिकणारा माल. त्यात सहसा युरिया फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो, जो पाण्यात बराच वेळ राहिला की सुटतो. आयएस 303 मधलाच बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला तोंड देणारा, किंवा आयएस 710 चा मरीन प्लाय असेल तर डिंक फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा. मरीन प्लायचा नमुना चाचणीत 72 तास उकळत्या पाण्यात ठेवतात, तरी थर सुटू नयेत अशी अपेक्षा असते. पण ‘वॉटरप्रूफ’ हे त्या डिंकाबद्दल खरं आहे. मधलं लाकूड पाणी पितंच, आणि ओलं राहिलं की कुजतंही. म्हणून मरीन प्लाय आहे, काही होत नाही, असं म्हणून तो ओला सोडू नका.

आता हातानं तपासा. रुपयाच्या नाण्यानं सगळ्या पृष्ठभागावर टकटक करत जा. आवाज भरीव असेल तर थर जागेवर आहेत, पोकळ आला तर तिथे सुटलेत. त्या जागेभोवती पेन्सिलनं रेघ मारून ठेवा, पुढे कामाला येईल. मग जाड टोचा किंवा बारीक स्क्रू ड्रायव्हर कडेला टोचा. टोक कष्टानं रुतलं तर लाकूड शाबूत आहे. लोण्यात गेल्यासारखं आत गेलं, तपकिरी चौकोनी तुकडे पडले, किंवा हातात भुगा आला, तर ती कूज आहे आणि कूज वाळवून बरी होत नाही. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी, आधी पेस्ट कंट्रोल. स्लाइड कॅलिपर असेल तर जाडीही मोजा. 18 मिमीचा प्लाय 19 भरत असेल तर आशा आहे. एखाद्या ठिकाणी 22 भरला तर तिथले थर सुटलेले आहेत, तेवढा भाग बहुधा कापावा लागेल.

एका बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. डोक्यावरच्या माळ्याचा, पलंगाच्या तळाचा, म्हणजे वजन पेलणारा प्लाय थर सुटलेला असेल तर तो काढून टाका. दरवाजे, शटर, कप्प्याच्या बाजू वाचवा, माणसाच्या अंगावर पडू शकेल ते नको.

उघडा करा

कपाट बंद ठेवून, समोर पंखा लावून ते वाळत नाही. शटर बिजागरांसकट उतरवा, ड्रॉवर आणि ट्रॉल्या बाहेर काढा, पाठीची पातळ प्लाय खिळे उचकटून काढा. बहुतेक ओल त्या पाठीमागेच दडलेली असते. प्रत्येक तुकड्यावर मास्किंग टेप लावून जागा लिहा, नाहीतर जोडताना डावं-उजवं होतं. स्क्रू आणि बिजागरं डब्यात. गंजलेले स्क्रू परत वापरू नका, स्टेनलेस स्टीलचे आणा. बोहरी आळीत किलोवरही मिळतात आणि सुटेही.

दोन्ही बाजूंना मायका असलेली फळी म्हणजे पाणी आत कोंडलेली पेटी. ते फक्त कडांमधून बाहेर येऊ शकतं आणि त्याला महिने लागतात. म्हणून आतल्या, न दिसणाऱ्या बाजूचा मायका काढायची तयारी ठेवा. भिजलेला मायका बऱ्याचदा कोपऱ्यातून आपोआप उचललेला असतो. तिथून रुंद पटाशी सपाट धरून, कापडावरून इस्त्री किंवा हेअर ड्रायरनं ऊब देत देत हळूहळू सरकवा. हातमोजे घाला, तुटलेल्या मायक्याची कड ब्लेडसारखी कापते. दर्शनी बाजूचा मायका घट्ट असेल तर त्याला हात लावू नका. कडांची पट्टी, म्हणजे बीडिंग किंवा टेप, भिजलेल्या भागात मात्र सगळी काढा. प्लायचा श्वास तिथून चालतो.

धुणं आणि बुरशी

ओढ्या-नाल्याचं किंवा ड्रेनेजचं पाणी शिरलं असेल तर गमबूट आणि रबरी हातमोज्यांशिवाय काम करू नका. पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो आणि पायावरची छोटी जखमही त्याला पुरते. प्लाय स्वच्छ पाणी आणि कपड्यांच्या साबणानं पुसून काढा. पाइप लावून धुऊ नका, नव्यानं पाणी पाजू नका. अशा पाण्यात बुडालेल्या स्वयंपाकघरातल्या उघड्या फळ्या मी ठेवणार नाही, चांगल्या दिसत असल्या तरी. तिथे अन्न येतं.

बुरशी एक-दोन दिवसांतच धरायला लागते. ती कोरड्या ब्रशनं झाडू नका, तिचे बीजाणू घरभर उडतात. एन-95 मास्क लावा, साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्यानं पुसा, फडकं वारंवार बदला. ब्लीचनं डाग फिकट होतात, पण लाकडाच्या आत गेलेल्या बुरशीपर्यंत ते पोचत नाही आणि पाणी मात्र आत जातं. ब्लीच आणि टॉयलेटचं ॲसिड तर कधीच एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो. त्याऐवजी एक लिटर कोमट पाण्यात 40-50 ग्रॅम बोरॅक्स, म्हणजे टाकणखार, विरघळवून तो ब्रशनं एक हात लावा. बोरॅक्स लाकडात ओलीबरोबर मुरतो आणि बुरशी आणि किडीला आवर घालतो. पोटात जाता कामा नये, म्हणून भांड्यांच्या, धान्याच्या खणात तो वापरू नका आणि लहान मुलांपासून दूर ठेवा.

वाळवणं

आता धीराचं काम. पहिला नियम: ऊन नाही. गच्चीवर उन्हात टाकलेली फळी वरच्या बाजूनं आधी वाळते, आकसते, खालची बाजू ओलीच राहते, आणि उन्हात एकाच बाजूनं तापलेल्या पापडासारखी ती वळते. हीट गन, हॅलोजन हीटर, फळीवर थेट इस्त्री, हेही नको. जोराच्या उष्णतेनं वरचा पापुद्रा तडकतो आणि आतली वाफ थर उचलते.

दुसरा नियम: दोन्ही तोंडांना सारखी हवा. जमीन सपाट असलेली एखादी खोली मोकळी करा. इंचभर जाडीच्या कोरड्या लाकडी पट्ट्या फूट-दीड फुटावर मांडा, त्यावर फळी, पुन्हा पट्ट्या, पुन्हा फळी. वरच्या पट्ट्या खालच्या पट्ट्यांच्या बरोबर वर आल्या पाहिजेत, नाहीतर वजनानं फळीला पोट पडेल. सगळ्यात वर एक जाड कोरडी फळी आणि त्यावर पाण्याचे भरलेले कॅन किंवा विटा. पट्ट्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये कापून मिळतात. जवळपास एखाद्या सुताराचं काम चालू असेल तर त्याच्याकडची उरलेली लाकडं चालतील, फक्त जाडी सगळ्यांची सारखी हवी. पंखा थेट फळीवर मारू नका, रचलेल्या थप्पीच्या बाजूनं, पट्ट्यांमधल्या फटींतून वारा जाईल असा ठेवा.

मायक्याची एक बाजू राहिलेली शटर अशीच ठेवायची, पण वजन थोडं जास्त. ती वाळताना वाकण्याचा प्रयत्न करणारच, कारण एकाच बाजूनं पाणी निघतं.

यापुढचा प्रश्न ऋतूचा आहे आणि पुण्यात इथेच सगळं फसतं. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी हवेची आर्द्रता 80-90 टक्क्यांवर असते. अशा हवेत लाकूड साधारण 17-18 टक्के ओलाव्यापाशी येऊन थांबतं. खिडक्या सताड उघड्या ठेवून, पंखे लावून आणखी महिनाभर थांबलात तरी ते त्याखाली जाणार नाही, कारण बाहेरची हवाच ओली आहे. प्लायचा ओलावा 5 ते 15 टक्के असावा असं आयएस 303 सांगतं आणि डिंक-मायक्याच्या कामाला मी 12 च्या आसपास धरतो. म्हणजे पावसाळ्यात दोनच रस्ते. पहिला म्हणजे खोलीची दारं-खिडक्या बंद करून एसी ड्राय मोडवर चालवणं, किंवा हवेतला ओलावा ओढणारा डीह्युमिडिफायर भाड्यानं आणणं. डीह्युमिडिफायरची टाकी दिवसाला किती भरते ते बघत राहिलात तर भिंतीत आणि प्लायमध्ये किती पाणी होतं ते डोळ्यांना दिसतं. दुसरा रस्ता म्हणजे फळ्या पट्ट्यांवर रचून ऑक्टोबरची वाट बघणं. परतीचा पाऊस संपला की पुण्याची हवा झपाट्यानं कोरडी होते आणि तेव्हा खिडक्या उघडणं हाच उत्तम उपाय. शक्य असेल तर मी ऑक्टोबरचा सल्ला देतो. गणपतीत पाहुण्यांना पट्ट्यांवर रचलेली शटरं दिसली तर दिसू देत.

एप्रिल-मेमध्ये उलटं. दुपारची हवा इतकी कोरडी असते की फळी अति वेगानं वाळून तडकते. तेव्हा पंखा बंद, पडदे ओढलेले, पहिले चार-सहा दिवस रचलेल्या थप्पीवर सुती चादर.

वाळलाय हे कसं कळणार?

हात लावून कळत नाही. वरचा पापुद्रा एका दिवसात कोरडा लागतो, मधले थर ओलेच असतात. पिना टोचायचा मॉइश्चर मीटर मिळाला तर उत्तम. पिना कडेला, मधल्या थरांत टोचा, वरच्या तोंडावर नाही.

मीटर नसेल तर वजन करा. प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकवाला काटा घरोघरी असतो, तो पुरतो. 2 फूट बाय अडीच फूट, 18 मिमीचं शटर कोरडं असताना साधारण पाच-साडेपाच किलो भरतं आणि चांगलं भिजलं की सहा-सव्वासहाच्या पुढे जातं. म्हणजे पाऊण-एक किलो पाणी बाहेर पडायचं आहे आणि ते काट्यावर स्पष्ट दिसतं. बिजागरं, हँडल काढून वजन घ्या आणि टेपवर तारखेसह लिहा. त्याच मापाचं, त्याच मायक्याचं न भिजलेलं शटर वरच्या रांगेत असेल तर तेही मोजा. ते तुमचं लक्ष्य. वजन तीन-चार दिवस हललं नाही आणि कोरड्या जोडीदाराच्या जवळ आलं की प्लाय वाळला. नुसतं वजन स्थिर झालं पण जोडीदारापेक्षा अजून बरंच जास्त आहे, तर हवा ओली आहे, प्लाय नाही वाळला. एका बाजूचा मायका काढला असेल तर तेवढं वजन वजा धरा.

सुटलेले थर चिकटवणं

कडेला थर उघडले असतील तर ते बारीक पाचरीनं अलगद आणखी थोडे उघडा, आतला भुगा आणि माती व्हॅक्यूमनं किंवा फुंकणीनं काढा, जुना सुटलेला डिंक पॉलिश पेपरच्या पट्टीनं खरवडा. मग मरीन प्रकारचा पाण्याला टिकणारा फेविकॉल पातळ पट्टीनं खोलवर सारा. साधा पांढरा फेविकॉल सिंकखाली किंवा बाथरूमजवळ वापरू नका, पुन्हा ओल आली की तो मऊ पडतो. फट मोठी असेल, थर एकमेकांना नीट टेकत नसतील, तर दोन ट्यूबवाला इपॉक्सी बरा, तो पोकळी भरतो.

पृष्ठभागाच्या मधोमध फुगा असेल (नाण्यानं शोधलेली ती पेन्सिलची रेघ) तर आतल्या बाजूनं फुग्याच्या दोन टोकांना 3 मिमीची भोकं पाडा. औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज सुई न लावता एका भोकाला घट्ट टेकवून डिंक आत दाबा, दुसऱ्या भोकातून बाहेर आला की पोचला.

दाब देणं महत्त्वाचं. फळीच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा कागद, त्यावर सपाट जाड लाकडी ठोकळे, मग सी-क्लॅम्प चार-पाच इंचांवर. क्लॅम्प थेट प्लायवर आवळलात तर तिथे खड्डा पडेल आणि मधला भाग सुटाच राहील. बाहेर आलेला डिंक ओल्या फडक्यानं लगेच पुसा. चोवीस तास हात लावू नका, पावसाळ्यात दोन दिवस.

वाकलेली शटर

वाळल्यावर शटर वाकलं असेल तर ज्या बाजूला खोलगटपणा आहे ती बाजू जास्त आकसलेली आहे. त्या बाजूला मायका नसेल तर ओलसर, पिळलेलं फडकं काही तास पसरा, मग शटर दोन टोकांना पट्ट्यांवर टेकवून, फुगीर बाजू वर ठेवून मधोमध वजन द्या, म्हणजे ते किंचित उलटं वाकेल. तसंच आठवडाभर सोडा. सरळ झाल्यावर मायका दोन्ही बाजूंना हवा. बाहेर 1 मिमीचा मायका आणि आत नुसता रंग असं ठेवलं तर ते पुढच्या पावसाळ्यात पुन्हा वाकेल. आतून स्वस्तातला पातळ लायनर मायका लावला तरी तोल राहतो.

तळ कापून नवा पाय

ओट्याखालच्या कपाटांत बहुतेक वेळा फक्त खालचे तीन-चार इंच गेलेले असतात आणि वरचा प्लाय ठणठणीत असतो. म्हणून सगळं कपाट काढू नका. आतल्या वजनाला ठोकळ्यांचा आधार द्या, कुजलेल्या भागाच्या वर निदान दोन इंच चांगलं लाकूड येईपर्यंत सरळ रेषेत कापा आणि त्या जागी त्याच जाडीची पीव्हीसी फोम बोर्डाची किंवा मरीन प्लायची पट्टी बसवा. सांध्यामागे आतून आडवी पट्टी, डिंक आणि स्क्रू. याहून चांगलं म्हणजे पट्टीऐवजी पीव्हीसीचे पाय लावून कपाट जमिनीपासून चार इंच उचलणं. फरशी धुताना येणारं पाणी मग प्लायला लागतच नाही.

बिजागराचे स्क्रू सैल झाले असतील तर भोकात डिंकात बुडवलेल्या लाकडी काड्या ठासून भरा, वाळल्यावर कापून सपाट करा आणि बारीक ड्रिलनं नवं भोक पाडून स्क्रू लावा.

कडा बंद करणं

प्लाय पाणी पितो तो कडांमधून. सिंकसाठी आणि पाइपसाठी पाडलेली भोकं, शटरची खालची कड, पाठीच्या पट्टीच्या चिरा, या सगळ्यांना पीयू (पॉलियुरेथेन) सीलर किंवा ऑइल प्राइमरचे दोन हात, मग इनॅमल. पहिला हात कड अक्षरशः पिऊन टाकते, म्हणून दुसरा आवश्यकच. त्यानंतर बीडिंग. ओट्याचा ग्रॅनाइट आणि भिंत, सिंक आणि ग्रॅनाइट यांमधल्या फटी सिलिकॉननं भरा. कपाट बाथरूमच्या भिंतीला लावायचं असेल तर मध्ये इंचभर मोकळी जागा सोडा आणि खाली-वर हवेसाठी जाळी ठेवा. सिंकखालच्या पाठीत अँगल कॉकपाशी हात जाईल एवढं झाकण करून घ्या, म्हणजे पुढची गळती महिनाभर न दिसता राहणार नाही.

जो टाकायचा तो

कापलेले, कुजलेले तुकडे बंबात किंवा शेकोटीत जाळू नका. प्लायमधल्या डिंकाचा आणि मायक्याचा धूर नाकाडोळ्यांना झोंबतो आणि तो श्वासात जाण्यासारखा नाही. खिळे काढून तुकडे बांधा आणि आपल्या भागातल्या महापालिकेच्या आरोग्य कोठीवर विचारून द्या. बुरशी धरलेला माल प्लास्टिकमध्ये गुंडाळूनच लिफ्टमधून खाली न्या.